एकदा गरम झालं की मग काही त्रास नाही!

आपल्याकडे यंत्रांबद्दल काही वाक्यं अशी बोलली जातात की ती तक्रार आहे की कौतुक, तेच कळत नाही. त्यातलं माझं सगळ्यात नावडतं वाक्य म्हणजे "एकदा गरम झालं की मग काही त्रास नाही." बाबांच्या पिढीने ते स्कूटरबद्दल म्हटलं. सकाळी स्कूटर एका अंगाला तिरकी करायची, चोक ओढायचा, मग किक, किक, किक... आणि सोसायटीतले सगळे खिडकीतून बघतायत. आपली पिढी तेच वाक्य सर्व्हरबद्दल म्हणते. आणि कोकणात, होडीच्या मागे लटकवलेल्या आऊटबोर्ड इंजिनाबद्दल ते अजूनही रोज सकाळी म्हटलं जातं.

आज लिहायचंय ते या तिसऱ्याबद्दल. कारण पहिल्या दोन ठिकाणी फार तर लेटमार्क लागतो किंवा मॅनेजरचा फोन येतो. तिसऱ्या ठिकाणी माणूस समुद्रात अडकतो.

ज्यांनी फक्त तारकर्लीला डॉल्फिन बघायला जाताना हे इंजिन पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: होडीच्या मागच्या फळीला शिकंजासारखं अडकवायचं, वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली पाण्यात पंखा. सुकाणूही तेच. काढून खांद्यावर टाकून घरी नेता येतं (लहान असेल तर, आणि खांदा मजबूत असेल तर). अमेरिकेत १९०९ च्या सुमाराला ओले एव्हिनरूड नावाच्या, मूळच्या नॉर्वेच्या माणसाने हा प्रकार धंद्यात आणून लोकप्रिय केला. कल्पना इतकी सरळ की सव्वाशे वर्षं होत आली तरी मूळ रचना तीच आहे. लहान इंजिन अजूनही दोरी ओढूनच चालू करतात. आणि दोरी ओढणाऱ्याच्या खांद्यालाच पहिल्यांदा कळतं की काहीतरी बिघडलंय.

आता तुम्ही म्हणाल, कोकणात कसली आलीये थंडी? मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असतात, तिथे इंजिन "थंड" कसं? इथेच पहिली गोम आहे. इंजिनाच्या दृष्टीने थंड म्हणजे हवामान थंड नव्हे. पाण्याने गार राहणारं आऊटबोर्ड नीट चालू असतं तेव्हा त्याचं अंग साधारण ५०-६० अंशांवर असतं आणि सिलिंडरच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन ३० अंशांवर असलं तरी त्याच्या हिशोबात ते गारच.

गार असण्याने फरक काय पडतो? पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. तापलेल्या इंजिनात आत आलेल्या थेंबाची वाफ आपोआप होते. गार इंजिनात तोच थेंब भिंतीला चिकटून बसतो. म्हणजे कार्बोरेटरने पेट्रोल बरोबर मोजून पाठवलं तरी ठिणगीपर्यंत वाफ पोचते ती कमीच. उपाय काय, तर सुरुवातीला मुद्दाम जास्त पेट्रोल पाठवायचं, म्हणजे त्यातलं जे काही वाफ होईल तेवढं तरी पुरेल. चोकचं काम एवढंच. तो हवेचा रस्ता अडवतो, त्यामुळे ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. काही इंजिनांत चोकच्या ऐवजी प्रायमर असतो, तो थेट पेट्रोलची पिचकारी मारतो. नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांत हेच काम आपोआप होतं. पण गरज तीच. (बाबांच्या स्कूटरला तिरकं करण्यामागचं विज्ञानही हेच होतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल ओसंडून आत जायचं. चोकने करायचं काम बाबा कमरेने करायचे.)

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण केरळच्या किनाऱ्यावर मिळतं. तिथे रॉकेलवर चालणारी आऊटबोर्ड इंजिनं वर्षानुवर्षं वापरात आहेत. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी होते. रॉकेलला त्यासाठी शून्याच्या वर ३८ अंश तरी लागतात. म्हणून ही इंजिनं चालू करायची पेट्रोलवर आणि तापली की रॉकेलवर वळवायची. आणि महत्त्वाचं म्हणजे बंद करण्याआधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवायची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून राहतं. घाईत रॉकेलवरच बंद केलं, की दुसऱ्या दिवशी दोरी ओढत बसा. म्हणजे सकाळचा त्रास आदल्या संध्याकाळी पेरलेला असतो.

तर मुद्दा असा. "थंड असताना चालू होत नाही, गरम झालं की मस्त चालतं" ही रडकथा नाही, हा उत्तम बग रिपोर्ट आहे. गरम असताना इंजिन पूर्ण ताकदीने चालतंय म्हणजे पेट्रोल पंप, मुख्य जेट, पाण्याचा मार्ग, पंखा, गिअर यांवरचा संशय बराच कमी झाला. संशयित उरतात ते मोजके: थंड असताना जास्त पेट्रोल देणारी यंत्रणा, दोरीच्या कमी वेगात मिळणारी ठिणगी, कॉम्प्रेशन, आणि टाकीपासून येणाऱ्या नळीत हवा शिरतेय का ते. न मागता एवढी माहिती आपल्या हातात आलेली असते. आणि आपण काय करतो? "गरम झालं की काही त्रास नाही" म्हणून ती सोडून देतो.

माझ्या मामांचं उदाहरण देतो. मालवण तालुक्यात त्यांची छोटी होडी आहे, तिला दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड. गेल्या वर्षी इंजिन सकाळी पंचवीस-तीस दोऱ्या खायला लागलं. विचारलं तर म्हणाले, "अरे झिला, थंड असताना जरा कुरकुरता. एकदा गरम झाला काय मगे काय त्रास नाय." तरी शेवटी खांदा दुखायला लागला तेव्हा इंजिन एका दुकानात नेलं. दुकानदाराने प्लग बदलले. फरक नाही. मग कॉइल बदलली. फरक नाही. मग "कार्बोरेटरमध्ये कचरा असणार" म्हणून तो साफ केला. दोन दिवस बरं वाटलं (वाटलंच फक्त), मग पुन्हा तेच. आता म्हणे इग्निशनचा डबा बदलू या. प्रत्येक वेळी पार्टचे पैसे, शिवाय बुडालेला दिवस वेगळा.

मग गावातल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. रात्री बंद करताना कसं करतोस? गरम असताना चोक ओढलास तर इंजिन सुधारता की मरता? दहा दोऱ्या ओढून चालू झाला नाय तर प्लग ओलो असता की सुको?

हा शेवटचा प्रश्न ऐकून मला त्यांना आमच्या टीममध्ये घ्यावंसं वाटलं. कारण हा प्रश्न अर्ध जग एका फटक्यात बाद करतो. चोक देऊन दहा वेळा ओढल्यावर प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, मग ठिणगीकडे बघा (किंवा पेट्रोल जास्तच झालंय). प्लग कोरडा असेल तर ठिणगीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण जळायला काही आलेलंच नाही. ज्यांनी गिट बायसेक्ट वापरलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

मामांचा प्लग कोरडा होता. म्हणजे नवे प्लग आणि नवी कॉइल, दोन्ही खर्च चुकीच्या अर्ध्यात झाले होते. मिस्त्रींनी समोरचं हवेचं झाकण काढलं आणि मामांना म्हणाले, चोक ओढ. मामांनी मूठ पूर्ण बाहेर ओढली. आत कार्बोरेटरच्या तोंडावरची पाकळी अर्ध्यावर येऊन थांबली. खाऱ्या हवेने जोडाची दांडी झिजून सैल झाली होती. बाहेरून बघणाऱ्याला चोक पूर्ण, आतून अर्धा! दांडी बसवली, जोड साफ करून ग्रीस लावलं. होडीचं तोंड पाण्यात होतंच. तिसऱ्या दोरीला इंजिन चालू.

आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनवर 'सक्सेस' आलं होतं आणि डेटाबेसमध्ये काही लिहिलंच गेलं नव्हतं. मूठ म्हणजे चोक नव्हे, पाकळी म्हणजे चोक. इतके दिवस सगळे मुठीकडे बघत होते.

माझं म्हणणं असं की शोधाचा क्रम हा फुकटापासून महागाकडे असावा. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तो दुकानात जो पार्ट आहे तिथून सुरू होतो. कोणी आऊटबोर्ड वापरत असाल (किंवा तुमच्या गावी कोणी वापरत असेल) तर हा क्रम सांगून ठेवा.

आधी हाताने आणि डोळ्याने कळणाऱ्या गोष्टी. किल स्विचची क्लिप जागेवर आहे ना? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय ना? नळीचा जोड नीट बसलाय ना? नळीवरचा रबरी फुगा दाबून दाबून कडक होतोय का? कडक होतच नसेल, किंवा झाल्यावर पुन्हा मऊ पडत असेल, तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा पेट्रोल गळतंय किंवा फुग्यातली झडप गेलीये. इथे खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं.

मग पद्धत. गिअर न्यूट्रलला, थ्रॉटल "स्टार्ट"च्या खुणेवर, चोक पूर्ण. अनेकजण चालू होत नाही म्हणून थ्रॉटल जोरात पिळतात. त्याने चोकची ओढच कमी होते आणि काम आणखी बिघडतं. दोरी आधी हळू ओढायची, अडल्यासारखी लागली की मग एकदम जोरात. इंजिनाने उचकी दिली की चोक थोडा थोडा आत.

मग ओला की सुका. सुका असेल तर चोकची पाकळी किंवा प्रायमर, मग पेट्रोलचा मार्ग, मग कार्बोरेटरचं मंद गतीचं बारीक जेट. हे जेट तुंबलं असेल तर आणखी एक खूण मिळते: गरम इंजिनसुद्धा मंद चालताना धडपडतं आणि चोक किंचित ओढला की सुधारतं. मिस्त्रींनी गरम असतानाच्या चोकबद्दल विचारलं ते याचसाठी. ओला असेल तर ठिणगी तपासा, पण टेस्टर लावून. प्लग बाहेर काढून पेट्रोलच्या वाफेशेजारी ठिणगी पाडायचा उद्योग करू नका. ठिणगी नीट असेल तर मग कॉम्प्रेशन. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर मात्र खर्चाची तयारी ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. हे फार महत्त्वाचं आहे. दुकानात इंजिन आणेपर्यंत, दहा वेळा ओढेपर्यंत ते कोमट झालेलं असतं. कोमट इंजिनावर थंडीचा बग सापडत नाही. रात्रभर ठेवून सकाळी एकदा बघायचं, आणि किती दोऱ्या लागल्या ते भिंतीवर खडूने लिहायचं. मामांचा कार्बोरेटर साफ केल्यावर "दोन दिवस बरं वाटलं" ते असंच. मोजलं कोणीच नव्हतं. (आणि हो, जमिनीवर पाण्याशिवाय इंजिन चालवून बघू नका. पाणी खेचणारा रबरी इम्पेलर कोरडा फिरला तर फार पटकन खराब होतो. पाण्याने भरलेला ड्रम घ्या.)

पेट्रोलबद्दल दोन शब्द, कारण इथे परिस्थिती बदलली आहे. देशात २०२३ पासून २० टक्के एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे झालं. एथेनॉल पाणी ओढून घेतं. समुद्रावरच्या दमट हवेत अर्धी टाकी महिना दोन महिने पडून राहिली तर पाणी आणि एथेनॉल मिळून तळाला बसू शकतं. आणि नळी पेट्रोल उचलते ती तळातूनच. शिवाय एथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन गेलं तर मिश्रण थोडं फिकं पडतं, आणि फिकं मिश्रण म्हणजे गार इंजिनाचा शत्रू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्याआधी टाकी रिकामी केली नाही आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून संपवलं नाही, तर नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या दिवशी काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. तेलाचंही तसंच. "जरा जास्त टाकलेलं बरं" म्हणून टू-स्ट्रोक तेल वाढवलं तर तेवढं पेट्रोल कमी जातं आणि वर प्लग काळे होतात. कंपनीने ५० ला १ सांगितलं असेल तर ५० ला १.

आता कोणी म्हणेल, एवढं सगळं करायला मच्छीमाराला वेळ कुठाय? पंचवीस दोऱ्या ओढल्या की चालू होतंय ना, मग चालू दे. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याचं पोट रोजच्या मासळीवर आहे त्याला इंजिन चार दिवस खोलून ठेवणं परवडत नाही. जुगाड हा अडाणीपणा नसतो, बहुतेक वेळा तो पैशांचा आणि वेळेचा हिशोब असतो.

पण या हिशोबात एक आकडा सुटतो. दिवसात थंड इंजिन एकदाच चालू करावं लागत नाही, दोनदा करावं लागतं. पहिल्यांदा किनाऱ्यावर, पहाटे, पाय वाळूत, शेजारी हात द्यायला चार माणसं. तिथे तीस दोऱ्या म्हणजे फक्त घाम. मग जाळं टाकायचं, इंजिन बंद करायचं, दोन-तीन तास थांबायचं. तेवढ्या वेळात इंजिन पुन्हा गार. दुसरी वेळ तिथे. दुपार उलटलेली, वारा पश्चिमेचा, म्हणजे होडी ढकलली जातेय ती किनाऱ्याकडे. किनाऱ्याकडे म्हणजे वाळूकडेच असं नाही, मालवणच्या समुद्रात खडक किती आहेत ते सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलेल्या कोणालाही माहीत आहे. होडीत माणसं दोन, त्यातला एक पंचावन्न वर्षांचा, खांदा आधीच दुखावलेला. आणि आज तीस दोऱ्यांत होईल याची हमी कोणी दिलेली नाही, कारण झिजणारी वस्तू रोज थोडी अजून झिजते. काल पंचवीस, आज तीस, उद्या...

"गरम झालं की त्रास नाही" हे खरंच आहे हो. पण गरम इंजिनाची गरज आपल्याला नसतेच. ज्या क्षणी इंजिनाची खरी गरज पडते त्या क्षणी ते बहुधा गार असतं.

हे आमच्या धंद्यालाही लागू आहे, म्हणून तर मला ते इतकं झोंबतं. वर्षभर न थांबता चालणारी सिस्टिम आम्हाला भक्कम वाटते. तिचे कॅश भरलेले असतात, कनेक्शन्स जोडलेली असतात, सगळं ऊबदार. एखाद्या रात्री सगळं बंद पडतं आणि मग कळतं की शून्यापासून उभं राहताना ही सिस्टिम कशी वागते ते कोणी कधी पाहिलेलंच नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप सगळं सुमारे सहा तास बंद होतं, आठवत असेल. नेटवर्क परत आल्यावरही त्यांना सगळं एकदम सुरू करता येत नव्हतं, कारण एवढा भार अचानक परत आला तर विजेच्या यंत्रणेपासून कॅशपर्यंत सगळंच धोक्यात आलं असतं. त्यांनी अशा प्रसंगांची तालीम केलेली होती म्हणून निभावलं. आपल्यापैकी किती जणांनी केलीये?

असो. सर्व्हरचं पुन्हा कधीतरी. आज सांगायचं ते एवढंच की लक्षण नेमकं असेल तर त्याचा मान ठेवा. "चालू होतंय का?" हा प्रश्नच अपुरा आहे. "पूर्ण गार असताना, ठरलेल्या पद्धतीने, कितव्या दोरीला चालू होतंय?" असं विचारा. उत्तर तीन-चारच्या पुढे गेलं, की इंजिन काहीतरी सांगतंय असं समजा, आणि पार्ट बदलायच्या आधी प्लग ओला आहे की सुका ते बघा. गावी कोणाची होडी असेल तर या रविवारी फोन करून विचाराच. समोरून "गरम झाला की काय त्रास नाय" असं उत्तर आलं, तर फोन लगेच ठेवू नका.